शिळे आकडे

गाद्या-उशा बनवणाऱ्या त्या कंपनीत दर सोमवारी सकाळी बैठक व्हायची, आणि बैठकीचा निम्मा वेळ सगळेजण भिंतीवरच्या स्क्रीनवर गरगर फिरणाऱ्या एका चक्राकडे बघत बसायचे. कोणत्या शाखेकडे किती ऑर्डरी आल्या ते दाखवणारा चार्ट उघडायला इतका वेळ घ्यायचा, की चहा यायचा, पिऊन व्हायचा, कप उचलले जायचे, तरी चक्र आपलं फिरतंच. तेवढ्या वेळात मालकीणबाई समोरच्यांपैकी कुणाला तरी फैलावर घ्यायच्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. रिकामा वेळ त्यांना सोसत नसे.

हा चार्ट सुधारायचं काम धाकटीकडे आलं. मोठी बहीण थोरली आणि ही धाकटी, घरात तिला याच नावाने हाक मारत. आपणही तेच म्हणू. कंपनीचे सगळे रिपोर्ट तिच्या हाताखालून जायचे. चार्ट रेंगाळण्याचं कारण तिने शोधलं तेव्हा ते अगदी साधं निघालं. कुणीही चार्ट उघडला, की कॉम्प्युटर कंपनी सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या ऑर्डरी नव्याने मोजायला बसायचा. मागून दुसऱ्याने उघडला की पुन्हा पहिल्यापासून. एवढी मोजणी चालू असताना शाखांमध्ये ऑर्डर नोंदवणारी माणसंही खोळंबायची.

धाकटीने ठरवलं, की उजाडताना ऑफिस रिकामं असतं तेव्हा एकदाच सगळं मोजायचं, बेरजा तयार करून बाजूला ठेवायच्या, आणि दिवसभर जो विचारेल त्याच्यासमोर त्याच तयार बेरजा धरायच्या. चार्टच्या खाली तिने बारीक अक्षरांत एक ओळही टाकली, ‘हे आकडे आज पहाटेचे आहेत.’ मॅडमनी ती ओळ काढायला लावली.

“माणसं आकडा सोडून ओळ वाचत बसतात,” त्या म्हणाल्या.

धाकटीने ओळ काढली.

पुढच्या सोमवारी बटण दाबताक्षणी चार्ट उभा राहिला. निळे खांब, प्रत्येक शाखेचा एक. कुणी शाबासकी दिली नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, जणू कुणीतरी दार न वाजवता आत आलं होतं.

पहिले बोलले ते अकाउंटंट. निवृत्तीला टेकलेले हे गृहस्थ. विजेच्या बिलापासून पाहुण्यांच्या हसण्यापर्यंत त्यांना सगळ्याचाच संशय यायचा, म्हणून पाठीमागे त्यांना शंकासुर म्हणत.

“मोजलं कधी?” त्यांनी विचारलं.

“पहाटे. मोजून ठेवलंय.”

“ठेवलंय कुठे?”

“कॅशमध्ये.”

अकाउंटंटनी हातातलं पेन खाली ठेवलं. “कॅश माझ्याकडे असते, ताई. माझ्याकडे तर काही आलेलं नाही.”

“ती कॅश नाही, साहेब. ही वेगळी. आमच्याकडे तयार करून ठेवलेल्या उत्तरांना कॅश म्हणतात.”

“म्हणजे या कंपनीत दोन कॅश आहेत,” ते मॅडमकडे वळून म्हणाले. “हे मला आज कळतंय.”

खोलीत हशा पिकला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी धाकटीला नीट समजावून सांगायला लावलं. धाकटी म्हणाली, घरी आपण सकाळी एकदा स्वयंपाक करून झाकून ठेवतो आणि जो जेवायला येईल त्याला वाढतो, तसंच हे. प्रत्येकासाठी नव्याने चूल पेटवायची नाही.

“म्हणजे शिळं वाढताय,” अकाउंटंट म्हणाले.

“सकाळचं संध्याकाळी खाल्लं तर शिळं होत नाही, साहेब.”

“ते झाकण कुणाच्या हातात आहे त्यावर अवलंबून.”

यावर कुणी हसलं नाही. धाकटीला ते वाक्य लागलं, पण तिने ते मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं. वेगवान चार्ट मॅडमना आवडला होता. त्या आता दिवसातून कितीदा तरी तो उघडायच्या, लिफ्टमध्येसुद्धा, फोनवर.

रविवारी धाकटी थोरलीकडे जेवायला गेली. थोरलीचे यजमान, म्हणजे धाकटीचे भाऊजी, याच कंपनीच्या नदीपलीकडच्या शाखेचे प्रमुख होते. धाकटीला नोकरी लागली तीही त्यांनी शब्द टाकल्यामुळे. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडावर बोलत नसे.

भाऊजी त्या दिवसांत खालच्या मानेने जेवायचे. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, की यंदा एक शाखा बंद करायची आहे आणि चार्टवर जी तळाशी राहील तीच बंद होईल. तळाशी होती भाऊजींची शाखा. तिच्या जेमतेम वर डोंगराकडची.

“तुझा चार्ट एकदम पळायला लागला म्हणे,” भाऊजी म्हणाले. “काय केलंस काय?”

धाकटीला कुणीतरी विचारलं याचाच आनंद झाला. तिने सगळं सांगितलं. पहाटेची मोजणी, तयार बेरजा, झाकून ठेवलेला स्वयंपाक.

“आणि दिवसा काही बदललं तर?”

“चार्टला ते दुसऱ्या दिवशी कळतं.”

“समजा ऑर्डर रद्द झाली?”

“तरी त्या दिवसापुरती दिसत राहते. दुसऱ्या दिवशी निघून जाते.”

भाऊजी थोडा वेळ भातात बोटं फिरवत राहिले. “गमतीचं आहे,” ते म्हणाले. थोरली आमटी वाढत होती. तिने धाकटीला विचारलं, अजून हवी का, आणि धाकटी पोट भरल्याचं सांगून उठली.

त्यानंतर महिनाभरात नदीपलीकडच्या शाखेचा खांब वर सरकायला लागला. आधी बोटभर, मग हातभर. डोंगराकडची शाखा तळाला गेली. मॅडमनी भाऊजींचं बैठकीत कौतुक केलं, तेव्हा भाऊजींनी हात जोडल्यासारखं केलं आणि एकदम धाकटीकडे बघितलं. त्या बघण्यात काहीतरी होतं. आभार होते, की विनवणी होती, तिला कळलं नाही. ती गोंधळून हसली. अकाउंटंटनी ते हसणं टिपलं.

दोन दिवसांनी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. अकाउंटंट आधीच तिथे होते.

“सांगा,” मॅडम त्यांना म्हणाल्या.

“नदीपलीकडे ऑर्डरी वाढल्या,” अकाउंटंट म्हणाले. “चार्ट तसं सांगतो. पण ट्रक तेवढेच जातात. कापूस तेवढाच लागतो. गोदामात गाद्यांच्या थप्प्या होत्या तशा आहेत. मग या ऑर्डरींच्या गाद्यांवर झोपतंय कोण?”

“कदाचित माल जायला वेळ लागत असेल,” धाकटी म्हणाली.

“बाकीच्या शाखांचा नाही लागत.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ते तुझे भाऊजी ना गं?”

“हो.”

“आणि चार्ट तुझा.”

पुढे काय बोलणार आहेत ते तिला कळत होतं आणि ते त्यांनी बोलावं असं वाटत होतं, म्हणजे तिला नाही म्हणता आलं असतं. पण मॅडम बोलल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, “काय आहे ते शोध. हे शेजारी बसतील. एकटीने काही करू नकोस.”

त्या दिवसापासून अकाउंटंटनी आपली खुर्ची ओढत आणून तिच्या टेबलाला लावली. ते तिच्या कामातलं फारसं समजायचे नाहीत, पण बघायचे मात्र डोळ्यांत तेल घालून. तिने एक ओळ लिहिली की विचारायचे, हे काय. पुसली की विचारायचे, का पुसलं. ती पाणी प्यायला उठली तर घड्याळाकडे बघायचे. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या मुली तिच्याशी हवापाण्याचं बोलायच्या आणि ती गेल्यावर आवाज खाली करायच्या. पाठमोरी असतानाही तिला ते ऐकू यायचं.

तिला पहिला संशय आला तो स्वतःच्याच कामाचा. बेरजा करताना काहीतरी दोनदा मोजलं जात असणार, असं समजून तिने सगळं पुन्हा तपासलं. तसं काही नव्हतं. मग तिने दुपारी ताजी मोजणी करून ती पहाटेच्या मोजणीशेजारी ठेवली. बाकी सगळ्या शाखा थोड्या वर गेल्या होत्या, दिवसभरात चार ऑर्डरी येणारच. एक नदीपलीकडची तेवढी खाली आली होती.

म्हणजे पहाटे जे होतं ते दुपारपर्यंत नाहीसं होत होतं.

अकाउंटंट तेव्हा चष्मा पुसत होते. धाकटीने ती दोन्ही आकड्यांची खिडकी बंद केली. का बंद केली, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. शंकासुराने आधीच आपल्याला चोर ठरवलंय, याच्या हाती आणखी कोलीत द्यायचं नाही, एवढंच तेव्हा मनात होतं. शिवाय तिला त्यांचाही संशय येत होता. भाऊजींशी त्यांचं जुनं वाकडं होतं. कुणाच्या तरी नावाने कुणीही काहीही नोंदवू शकतं.

त्या संध्याकाळी तिने मोजणीची वेळ बदलली. पहाटेऐवजी दुपार. कुणाला सांगितलं नाही. मॅडमना नाही, भाऊजींना नाही. अकाउंटंट शेजारी बसून बघत होते, पण या खेपेला त्यांनी काही विचारलं नाही. बहुधा कळलं नसावं, असं तिने धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार्ट बदलला. सगळे खांब जागच्या जागी राहिले, नदीपलीकडचा मात्र कोसळून तळाला आला, डोंगराच्याही खाली.

धाकटी त्या बुटक्या निळ्या खांबाकडे बघत बसली. मोजणी पहाटे होते आणि रद्द झालेली ऑर्डर दिवसभर दिसत राहते, हे बाहेरच्या कुणाला तिने सांगितलंच नव्हतं. एका जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं. तिने ऑर्डरींच्या नोंदी काढल्या. उजाडायच्या आत एक गठ्ठा भरलेला, ऑफिस उघडायच्या आत तो सगळा रद्द केलेला, रोजच्या रोज. रद्द ऑर्डरींची यादी कुणी कधी उघडत नसे, म्हणून कुणाच्या नजरेस आलं नव्हतं. आणि प्रत्येक नोंद भाऊजींच्या पासवर्डने केलेली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती नदीपलीकडे गेली.

शाखा म्हणजे खाली गोदाम आणि वर जाळीच्या कठड्याआड ऑफिस. खाली खोळी शिवणाऱ्या बायकांची मशिनं एका लयीत चालू होती. कापसाचा भुगा उन्हात तरंगत होता. एकीने मान वर करून विचारलं, “हेड ऑफिसातून आलात ना? शाखा राहतेय ना आमची?” धाकटीने मानेनेच काहीतरी केलं. ते हो होतं की नाही, बाईलाही कळलं नसावं. ती पुन्हा शिवायला लागली.

भाऊजींनी दार लावून घेतलं. तिने लॅपटॉप उघडण्याआधीच ते म्हणाले, “आज खांब पडला. मी बघितलं. कळलं का कुणाला?”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत म्हणजे, अंदाज होता.”

“भाऊजी, माझी नोकरी जाईल. मॅडमना वाटतंय मीच आकडे फुगवले.”

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “मग तू नाही केलंस?”

“मी?”

“मला वाटलं तूच करतेयस,” ते म्हणाले. “माझ्याकडे एवढ्या ऑर्डरी येत नाहीत हे मला कळत नाही का? पहिल्या आठवड्यात वाटलं चार्टचा घोळ असेल. मग वाटलं, धाकटी आपल्यासाठी करतेय. आपण विचारलं तर तिला खोटं बोलावं लागेल. म्हणून गप्प बसलो. बैठकीत तुझ्याकडे बघितलंही होतं. तू हसलीस.”

धाकटीला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि नेमकं म्हणूनच ठेववत नव्हता. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. “तुमचा पासवर्ड आहे.”

“मला कुठे लक्षात राहतो पासवर्ड. फोनमध्ये आहे.”

“आणि फोन?”

“घरी असतो. पहाटे फिरायला जाताना मी फोन नेत नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय.” बोलता बोलता त्यांचा आवाज मंदावला.

धाकटीने एक रद्द ऑर्डर उघडली. एवढा वेळ तिने नुसत्या बेरजा बघितल्या होत्या, आतला मजकूर वाचला नव्हता. कुठल्याशा वसतिगृहासाठी गाद्या मागवल्या होत्या. खाली पत्ता होता. पिठाच्या गिरणीमागची गल्ली, घर क्रमांक सोळा. तिने पुढची उघडली. धर्मशाळा, तोच पत्ता. त्या गल्लीत ना वसतिगृह होतं ना धर्मशाळा. सोळा नंबरात दोन बहिणी लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. ते घर भाऊजींच्या लग्नाआधीच विकलं गेलं होतं, त्यांनी ते कधी पाहिलंही नव्हतं.

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. भाऊजींनी पत्ता वाचला. त्यांना त्यातून काही कळलं नाही. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मग कळलं.

“ती तर आमटी वाढत होती,” ते एवढंच म्हणाले.

घरी थोरली गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढत होती. दोघांना कामाच्या वेळेत एकत्र आलेलं बघून तिने हातातली चादर घडी घालायची थांबवली नाही. उलट टोकाला टोक जास्त नीट जुळवलं.

“ताई, गिरणीमागच्या गल्लीत वसतिगृह कधी झालं?” धाकटीने विचारलं.

“खोटा पत्ता सुचत नव्हता मला,” थोरली म्हणाली. “खोटं लिहायला बसलं की खरंच आठवतं.”

भाऊजी जिन्याच्या तोंडाशी उभे होते, ते तिथेच पायरीवर बसले. “अगं, पण का?”

“का म्हणून मला विचारता?” थोरलीने आता चादर खाली ठेवली. “मागे तुमची नोकरी गेली होती तेव्हा घरात मी होते. तुम्ही पडदे लावून बसायचात. मुलाने अभ्यासाचं विचारलं तरी भिंतीकडे बघायचात. विसरला असाल तुम्ही. मी नाही विसरले. परत ते बघायची ताकद नव्हती माझ्यात.”

“मला एकदा बोलायचंस,” धाकटी म्हणाली.

“तुला बोलले असते तर तू नाही म्हणाली असतीस. आणि मग कळून गप्प बसावं लागलं असतं तुला. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं.”

“न सांगूनही माझ्यावरच आलं ना. ऑफिसात लोक मला चोर समजतात, ताई. एक माणूस खुर्ची टाकून माझ्यावर पहारा ठेवतो.”

हे मात्र थोरलीला ठाऊक नव्हतं. तिने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, “चार अक्षरं टाइप करायची आणि पुसायची. कुणाचं काही घेतलं नाही मी. मला वाटलं, खांब थोडा वर राहिला म्हणजे झालं.”

“एक वर गेला की दुसरा तळाला जातो. डोंगराकडची शाखा बंद करायची नोटीस तयार झालीय. तिथेही अशीच माणसं आहेत.”

कठड्यावर एक चादर राहिली होती, ती वाऱ्याने फडफडत होती. भाऊजींनी उठून ती काढली आणि थोरलीच्या हातात दिली. धाकटी बघत होती. हे दोघं आता आपल्याला गप्प राहायला सांगतील, असं तिला वाटत होतं, आणि सांगितलं तर आपण काय करू, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

“तुमच्या मॅडमना कधी भेटता येईल?” थोरलीने विचारलं. “तू सांगू नकोस. मी सांगते. नाहीतर त्यांना वाटेल बहिणीला वाचवायला गोष्ट रचलीस.”

दुसऱ्या दिवशी तिघं मॅडमच्या केबिनमध्ये बसली. थोरलीने आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. फोन कसा उघडायची, किती ऑर्डरी टाकायची, दूध तापेपर्यंत कशा रद्द करायची. तिचं संपल्यावर मॅडम म्हणाल्या, “चांगलं ठरवून आलात तिघं.”

“ठरवून नाही, मॅडम,” भाऊजी म्हणाले.

“बायको म्हणते नवऱ्याला माहीत नव्हतं. नवरा म्हणतो मेहुणीला माहीत नव्हतं. सगळा दोष अशा एकीवर, जी माझ्याकडे नोकरीलाच नाही. मी तिचं काय वाकडं करू शकते? माझ्या जागी तुम्ही असतात तर काय समजला असतात?”

खरं म्हणजे मॅडमचं बोलणं बरोबर होतं, ऐकणाऱ्याला ते तसंच वाटणार.

मग कोपऱ्यातून अकाउंटंट बोलले. “हिला माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

मॅडमनी मान वळवली. “तुम्ही म्हणताय हे?”

“मी शेजारी बसून होतो. परवा संध्याकाळी हिने मोजणीची वेळ दुपारी नेली. मला यातलं फार कळत नाही, पण घड्याळ कळतं. वाटलं, वेळ बदलतेय म्हणजे काहीतरी लपवतेय, म्हणून बोललो नाही, म्हटलं बघू. दुसऱ्या दिवशी हिच्या भाऊजींचाच खांब पडला. सामील असलेली बाई आपल्याच हाताने आपलं बिंग कशाला फोडेल?” मग धाकटीकडे न बघता म्हणाले, “दोन आकड्यांची खिडकी त्या आधी माझ्यापासून लपवली होती, तीही मी बघितली. चष्मा पुसताना लांबचं दिसतं मला.”

मॅडमनी भाऊजींना विचारलं, “फुगलेला आकडा खोटा आहे असं वाटत होतं ना तुम्हाला?”

“हो.”

“मग आला का नाहीत माझ्याकडे?”

“शाखा राहतेय असं दिसत होतं,” भाऊजी म्हणाले. “मी त्याच्याकडे बघून झोपत होतो.”

मॅडमनी भाऊजींना प्रमुखपदावरून काढलं. डोंगराकडची नोटीस फाडली, आणि पहिल्यांदाच चार्ट बाजूला ठेवून दोन्ही शाखा स्वतः बघून आल्या. नदीपलीकडची शाखा अखेर बंद झाली. शिवणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना मुख्य कारखान्यात घेतलं, दोघींना तो लांब पडला म्हणून सोडावं लागलं. त्यातली एक धाकटीला ‘शाखा राहतेय ना’ विचारणारी होती.

भाऊजींना माल पोचवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं, आधीपेक्षा खालचं. थोरलीला ज्याची भीती होती तसं काही झालं नाही. त्यांनी पडदे लावले नाहीत. ते चिडले मात्र, आणि ते चिडणं बरेच दिवस पुरलं. आपण कोसळू असं बायकोने आपल्याबद्दल धरून चालावं, हे त्यांना शाखा गेल्यापेक्षा जास्त लागलं होतं.

धाकटीची नोकरी राहिली. चार्टखाली आता आकडे कधीचे आहेत ते ठळक लिहिलेलं असतं, मोजणी दिवसात अनेकदा आणि कधीही होते, आणि रद्द झालेल्या ऑर्डरी वेगळ्या रंगात दिसतात. मॅडम अजूनही तिला मधेच विचारतात, “हे खरं ना?” आधी विचारत नसत. अकाउंटंटनी खुर्ची परत आपल्या जागी नेली, पण चहाच्या वेळी ते येऊन तिच्या टेबलाशी उभे राहतात. काय बघतात ते सांगत नाहीत, आणि तिनेही विचारायचं सोडून दिलंय.

थोरलीकडे ती बरेच दिवस गेली नाही. मग एकदा थोरलीनेच फोन केला. त्यांनी लहान घर घेतलं होतं, सामान हलवायचं होतं. धाकटी गेली. दोघींनी मिळून लाकडी कपाट जिन्यावरून उतरवलं, एक वर, एक खाली. मधल्या वळणावर कपाट अडकलं तेव्हा दोघी टेकून उभ्या राहिल्या.

“कामाचं काही बोलत नाहीस हल्ली,” थोरली म्हणाली.

“नाही बोलत.”

“माझ्यामुळे?”

धाकटीने खोटं बोलावं की काय याचा विचार केला. “हो,” ती म्हणाली.

थोरलीने मान हलवली. तिने पदराने कपाळावरचा घाम पुसला आणि कपाटाचा खालचा कोपरा पुन्हा धरला. “डावीकडे घे थोडं,” ती म्हणाली, “म्हणजे निघेल.”

धाकटीने डावीकडे घेतलं, आणि कपाट भिंतीला घासत, हळूहळू, वळणातून सुटलं.